पाणलोटाची हद्द आणि आतल्या ओढ्यांचं जाळं: आखणी, मोजणी, पडताळणी

नदीचं पाणलोट क्षेत्र आखायचं तर पेन्सिल उगमावर नाही, मुखावर टेकवायची. मुख म्हणजे नदीवरची ती एकच जागा, जिथून जाणारं पाणी तुम्हाला मोजायचं आहे: पूल, बंधाऱ्याची जागा, पाणीपातळी मोजायचं ठिकाण किंवा संगमाच्या थोडी वरची जागा. मुख न सांगता ‘या नदीचं पाणलोट किती?’ असं विचारलं तर त्याला उत्तर नाही. मुख अर्धा किलोमीटर खाली सरकवलं आणि तेवढ्यात एखादा मोठा ओढा येऊन मिळत असला, तर क्षेत्र दीडपटही होतं. म्हणून आखणीआधी मुखाचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर पाच अंकांपर्यंत लिहून ठेवा. पाचवा अंक म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. संगमाच्या वर मुख घ्यायचं असेल तर नकाशावर किमान दोन मिलिमीटर वर घ्या. नेमकं संगमावर टेकवलं की दोन्ही नद्यांचं पाणी हिशेबात येतं आणि पुढची सगळी आकडेमोड भलत्याच पाणलोटाची होते.

आखणी आधी हाताने करावी, संगणकावर नंतर, असा आमचा आग्रह आहे. संगणक कुठल्याही मुखासाठी हद्द काढून देतो, चुकीच्या मुखासाठीसुद्धा. ती हद्द पाहून ‘इथे काहीतरी बिघडलंय’ हे ओळखायला डोळा तयार असावा लागतो, आणि तो समोच्च रेषांवर (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर) पेन्सिल फिरवूनच तयार होतो.

साहित्य आणि नकाशाची निवड

१:५०,००० किंवा १:२५,००० प्रमाणाचा, समोच्च रेषा असलेला स्थलदर्शक नकाशा, ट्रेसिंग पेपर, टोकदार २एच पेन्सिल, निळा, हिरवा आणि लाल रंग, मिलिमीटरचा आलेख कागद, न ताणणारा बारीक दोरा आणि टोकदार कर्कटक एवढं पुरे. नकाशाच्या समासात समोच्च रेषांमधलं अंतर दिलेलं असतं, ते आधी वाचा. अंतर २० मीटर असेल आणि प्रदेश सपाट असेल, तर दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जलविभाजक (दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारी हद्द) कुठून जातो हे नकाशावरून ठरवता येत नाही. अशा ठिकाणी ५ मीटर किंवा त्याहून कमी अंतराचा नकाशा शोधा, नाहीतर ती जागा तुटक रेषेने दाखवून जमिनीवर जाऊन पाहायची म्हणून राखून ठेवा.

आधी पाणी रंगवा, मग हद्द काढा

मुखापासून वरच्या दिशेने निघा आणि मुख्य नदीला मिळणारा प्रत्येक ओढा, ओहोळ, ओघळ निळ्या रंगाने शेवटच्या टोकापर्यंत गिरवा. छापलेली निळी रेषा संपली म्हणजे पाण्याची वाट संपली असं नसतं. समोच्च रेषा डोंगराकडे टोक करून वाकतात तिथे घळ असते, मग निळी रेषा छापलेली असो वा नसो. लागोपाठ निदान तीन समोच्च रेषांना असं स्पष्ट टोक असेल तर ओढा तिथपर्यंत वाढवा. टोक बोथट होऊन रेषा गोलसर झाली की थांबा. तीनऐवजी चार रेषांचा नियम केलात तरी बिघडत नाही. पण केलेला नियम पूर्ण नकाशाला लावा. एका बाजूला वाढवलेले आणि दुसऱ्या बाजूला तसेच सोडलेले ओढे पुढे सगळी गुणोत्तरं बिघडवतात.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. शेजारच्या पाणलोटांमधले, म्हणजे तुमच्या मुखाकडे न येणारे ओढे हिरव्या रंगाने गिरवा. निळी आणि हिरवी टोकं समोरासमोर आली की जलविभाजक त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो हे उघड होतं. निम्मी आखणी इथेच होते.

मग लाल रंगाने शिखरं, उंचीचे आकडे आणि खिंडी यांवर खुणा करा. मुखाच्या एका काठापासून सुरुवात करा आणि वळसा पूर्ण होईपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. काठ ठरवताना तोंड नेहमी पाणी जातं त्या दिशेला. डाव्या हाताचा तो डावा काठ. मुखापासून सरळ चढाच्या दिशेने, समोच्च रेषांना काटकोनात छेदत जवळच्या सोंडेवर (डोंगराच्या खाली उतरत आलेल्या कण्यावर) चढा. सोंडेवर रेषांची टोकं उताराकडे असतात आणि हद्द त्या टोकांच्या बरोबर मधून जाते. अशी माथ्यापर्यंत या, माथ्यावरून पुढच्या खिंडीत उतरा, खिंडीतून पलीकडच्या माथ्यावर चढा, आणि वळसा पूर्ण करून दुसऱ्या काठाने मुखावर परत या.

खिंडीशी थांबून नीट पाहा, कारण हद्द सर्वात जास्त तिथेच घसरते. खिंडीत समान उंचीच्या दोन समोच्च रेषा एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात आणि चार दिशांपैकी दोन चढाच्या, दोन उताराच्या असतात. हद्द चढाच्या एका बाजूने उतरते आणि चढाच्या दुसऱ्या बाजूला जाते. उताराच्या दोन्ही बाजूंना ओढ्यांची डोकी असतात: एक निळं, एक हिरवं. दोन्ही निळी दिसली तर ती हद्दीवरची खिंड नाही. तुम्ही पाणलोटाच्या आतल्याच एखाद्या दुय्यम सोंडेवर चढला आहात. मागच्या माथ्यावर परत जा आणि दुसरी सोंड धरा.

हद्द बरोबर आहे का हे तीन गोष्टींवरून कळतं. मुख सोडलं तर ती कुठेही ओढा ओलांडत नाही. एकाच समोच्च रेषेला चिकटून ती लांबवर चालत नाही. आणि तिच्यावरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही बाजूंना उताराच्या दिशेने काटकोनात निघालं तर एक वाट निळ्याला, दुसरी हिरव्याला जाऊन मिळते. ही शेवटची तपासणी हद्दीवर दर दोन सेंटिमीटरला करा.

उंच शिखरं जोडत गेलं की हद्द मिळते, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. सगळ्यात उंच शिखर पाणलोटाच्या पोटातही असू शकतं. हिमालयात हे ठळक दिसतं: अरुण नदी तिबेटच्या बाजूने येते, मकालू आणि कांचनगंगा यांच्या मधून हिमालय कापते आणि दक्षिणेला उतरते. तिचा ब्रह्मपुत्रेशी असलेला जलविभाजक या महाशिखरांच्या उत्तरेला, तुलनेने ठेंगण्या डोंगरांवर आहे.

पाणी बाहेर जायला वाट नसलेला तलाव किंवा खोलगट जागा हद्दीजवळ आली तर ती आत धरायची की बाहेर, हे वाटेल तसं ठरवू नका. ती भरून सांडली तर पाणी कुठल्या बाजूला जाईल ते पाहा, तिचं क्षेत्र वेगळं मोजा आणि ‘एरवी पाणी न देणारं क्षेत्र’ म्हणून वेगळं लिहा.

क्षेत्रफळ

१:५०,००० प्रमाणावर १ चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर; १:२५,००० वर ६.२५ हेक्टर. ट्रेसिंग आलेख कागदावर ठेवून पूर्ण चौकोन मोजा आणि हद्दीने कापलेले चौकोन निम्मे धरा. पाणलोट लहान असेल तर २ मिलिमीटरचे चौकोन घ्या. मग ट्रेसिंग थोडं फिरवून पुन्हा मोजा. दोन मोजण्यांमध्ये २ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. उपपाणलोट पाडले असतील तर त्यांची बेरीज, अधिक मुख्य नदीत थेट उतरणाऱ्या मधल्या पट्ट्या, ही एकूण क्षेत्राशी जुळलीच पाहिजे. बहुतेक वेळा फरक पडतो तो या पट्ट्या विसरल्यामुळे.

ओढ्यांची श्रेणी

रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडलेली श्रेणीपद्धत आर्थर स्ट्रालर यांनी १९५२ मध्ये सोपी केली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. ज्याला वरून एकही ओढा मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. दोन पहिल्या श्रेणीचे मिळाले की खाली दुसरी श्रेणी, दोन दुसऱ्या मिळाल्या की तिसरी. श्रेणी वाढते ती समान श्रेणीचे प्रवाह भेटले तरच. तिसऱ्या श्रेणीच्या ओढ्याला पहिल्या श्रेणीचे दहा ओहोळ मिळाले तरी तो तिसऱ्याच श्रेणीचा राहतो. हॉर्टन यांच्या मूळ पद्धतीत मुख्य नदीला उगमापर्यंत तिची सर्वोच्च श्रेणीच देतात. त्यामुळे जुन्या अहवालातले आकडे आपल्या आकड्यांशी ताडताना पद्धत कोणती ते आधी पाहा.

मोजणी तपासायची एक खात्रीची युक्ती आहे. उगमाची टोकं ‘न’ असतील, तर संगम ‘न’ वजा १ आणि दोन संगमांमधले किंवा टोक ते संगम असे सगळे तुकडे मिळून ‘न’ची दुप्पट वजा १ यायला हवेत. २३ टोकं असतील तर २२ संगम आणि ४५ तुकडे. जास्त किंवा कमी आले तर कुठेतरी ओढा दोनदा गिरवला गेलाय, सुटलाय किंवा नदीच्या बेटाभोवतीच्या दोन्ही फाट्या मोजल्या गेल्यात. एकाच बिंदूत तीन ओढे मिळत असतील तरच हा हिशेब अपवाद ठरतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. आलेख कागदावर ६२.४ चौरस सेंटिमीटर भरले, म्हणजे १:५०,००० वर १५.६ चौरस किलोमीटर. पहिल्या श्रेणीचे २३, दुसऱ्या श्रेणीचे ६, तिसऱ्या श्रेणीचे २ आणि चौथ्या श्रेणीचा १ प्रवाह. लागोपाठच्या श्रेणींची द्विभाजन गुणोत्तरं (एका श्रेणीच्या प्रवाहांची संख्या भागिले पुढच्या श्रेणीची संख्या) ३.८, ३ आणि २. हे गुणोत्तर साधारण ३ ते ५ च्या दरम्यान असतं. वरच्या श्रेणीत आकडे इतके थोडे असतात की शेवटचं २ पाहून घाबरायचं कारण नाही. पण पहिल्याच जोडीत ७ किंवा ८ आलं तर एक तर खोरं लांबट, खडकाच्या पट्ट्यांनी बांधलेलं आहे, नाहीतर दुसऱ्या श्रेणीचे ओढे ओळखण्यात चूक झाली आहे.

सगळ्या ओढ्यांची लांबी ३७.५ किलोमीटर भरली तर प्रवाह घनता ३७.५ भागिले १५.६, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २.४ किलोमीटर. एक भागिले घनतेची दुप्पट केलं की पाऊस जमिनीवरून ओघळीत पोचेपर्यंत सरासरी किती चालतो ते मिळतं: इथे सुमारे २०८ मीटर. घनता जास्त म्हणजे पाणी लवकर ओघळीत शिरतं आणि पूर झटकन चढतो. न झिरपणारा खडक, उघडी जमीन, तीव्र उतार यांमुळे ती वाढते. वाळू, भेगाळ खडक, दाट झाडोरा यांमुळे घटते.

लांबी मोजताना दोरा वळणावर घसरतो, म्हणून कर्कटक २ मिलिमीटरवर ठेवून पावलं मोजणं जास्त भरवशाचं. तरीही नकाशावरची लांबी खऱ्या लांबीपेक्षा कमीच भरते, कारण बारीक नागमोडी वळणं नकाशा बनवतानाच सरळ केलेली असतात. याहून मोठी अडचण प्रमाणाची आहे. तेच खोरं १:२५,००० वर पाहिलं तर आणखी ओहोळ उमटतात, टोकं वाढतात आणि मुखाची श्रेणी एकाने चढूही शकते. वेगवेगळ्या प्रमाणांच्या नकाशांवरून काढलेल्या श्रेणी आणि घनता शेजारी ठेवून तुलना करणं हा या कामातला सर्वात नुकसानकारक घोटाळा आहे, कारण आकडे दिसायला अगदी सभ्य दिसतात.

मुख्य नदी कोणती?

संगमावर दोन फाट्यांपैकी मुख्य कोणती हे नावावरून ठरवू नका. ओहायो मिसिसिपीला मिळते तिथे ओहायोच जास्त पाणी आणते, तरी नाव मिसिसिपीचं चालू राहतं. मिसुरी तर मिसिसिपीहून लांब आहे. देवप्रयागला अलकनंदा भागीरथीपेक्षा लांब आणि जास्त पाण्याची, पण परंपरेने गंगेचा उगम भागीरथीकडे मानतात. मोजणीसाठी एकच निकष धरा: प्रत्येक संगमावर जिचं वरचं पाणलोट मोठं ती मुख्य. क्षेत्रं जवळपास सारखी असतील तर लांब ती.

उपपाणलोटांना क्रमांक द्यायला ब्राझीलचे अभियंता ओटो फाफश्टेटर यांची पद्धत सोयीची आहे. क्षेत्राने सर्वात मोठ्या चार उपनद्या निवडायच्या आणि मुखाकडून वर जाताना त्यांना २, ४, ६, ८ द्यायचे. मधल्या पट्ट्यांना १, ३, ५, ७ आणि सर्वात वरच्या उरलेल्या भागाला ९. प्रत्येक तुकडा पुन्हा याच रीतीने फोडता येतो आणि अंक पुढे जोडत जायचे. क्रमांक पाहूनच कोण कोणाच्या वर आहे ते कळतं.

आकार, उतार आणि वेळ

आधीच्याच खोऱ्याची मुखापासून सर्वात दूरच्या हद्दीपर्यंतची सरळ लांबी ६.४ किलोमीटर असेल, तर आकार गुणक म्हणजे १५.६ भागिले ६.४ चा वर्ग, ०.३८. हा आकडा जितका कमी तितकं खोरं लांबट, आणि उपनद्यांचं पाणी मुखाशी पुढेमागे पोचतं. गोलसर खोऱ्यात सगळ्या फाट्यांचे लोंढे एकदम येऊन धडकतात, त्यामुळे त्याच पावसाला पुराचा माथा उंच होतो.

मुख्य नदीचा उतार उगम आणि मुख यांच्या उंचीतल्या फरकावरून काढला तर वरचा कड्याचा तुकडा सगळं गणित फुगवतो. मुखापासून लांबीच्या १० टक्के आणि ८५ टक्के अंतरावरच्या दोन बिंदूंमधला उतार घ्या. शिवाय दीर्घछेद काढाच: आडव्या अक्षावर मुखापासूनचं अंतर, उभ्यावर समोच्च रेषांची उंची, उभं प्रमाण आडव्याच्या दहा ते वीस पट. वर तीव्र आणि खाली सौम्य होत जाणारी खोलगट रेषा अपेक्षित आहे. मध्येच उतार तुटला तर तिथे कठीण खडकाचा थर, धबधबा, बंधारा, जमिनीचं उचललं जाणं किंवा मुख्य नदी अचानक खोल गेल्याने उपनदी मागे राहणं, यांतलं काहीतरी आहे.

पाणी सर्वात दूरच्या टोकापासून मुखाशी यायला लागणारा वेळ किरपिच यांच्या १९४० च्या सूत्राने काढतात: ०.०१९५ गुणिले लांबीचा ०.७७ वा घात, भागिले उताराचा ०.३८५ वा घात. लांबी मीटरमध्ये, उत्तर मिनिटांत. या सूत्रात मात्र सर्वात दूरच्या टोकापासून मुखापर्यंतचा एकूण उतारच घालायचा, १० ते ८५ टक्क्यांचा नाही. ७,२०० मीटर लांबी आणि २१० मीटर उतरण असेल तर सुमारे ७१ मिनिटं. हे सूत्र टेनेसीतल्या फार लहान शेतपाणलोटांच्या मोजण्यांवरून बसवलेलं आहे, हे विसरू नका. १५ चौरस किलोमीटरच्या खोऱ्याला ते अंदाजापुरतं चालतं. पुलाच्या मोऱ्या त्यावर ठरवू नयेत.

जाळ्याचा आकार काय सांगतो

झाडाच्या फांद्यांसारखं जाळं एकसारख्या खडकावर तयार होतं. लांब समांतर ओढे आणि त्यांना काटकोनात मिळणारे आखूड ओहोळ दिसले तर घड्या पडलेल्या मऊ-कठीण खडकांच्या पट्ट्या आहेत. ओढे स्वतःच काटकोनात वळत असतील तर भेगांचं जाळं. एका माथ्यापासून चहूकडे जाणारे ओढे ज्वालामुखीच्या शंकूवर किंवा घुमटासारख्या डोंगरावर असतात. संगमाचा कोनही पाहा. उपनदी साधारणपणे उताराच्या दिशेने तिरकी येऊन मिळते. ती उलट, मुख्य नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून मिळत असेल, शेजारी नदीला अचानक कोपरासारखं वळण असेल आणि त्याच्या सरळ रेषेत एखादी कोरडी खिंड असेल, तर नदीचौर्याचा, म्हणजे एका नदीने दुसरीचं वरचं पाणी आपल्याकडे वळवून घेतल्याचा, दाट संशय घ्यावा.

संगणकावरची आखणी

अंतराळ शटलवरून फेब्रुवारी २००० मध्ये झालेल्या रडार मोजणीची उंचीची माहिती ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यासाठी मोफत मिळते. तिचा चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत काम करताना क्रम असा: माहिती अंशांतून मीटरच्या प्रक्षेपणात बदला, खड्डे बुजवा, प्रवाहदिशा काढा, प्रवाहसंचय (प्रत्येक चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी येतं तो आकडा) काढा, मुख जवळच्या सर्वाधिक संचयाच्या चौकोनावर बसवा आणि मग हद्द काढा. पहिली पायरी गाळली की उतार निरर्थक येतात. मुख बसवण्याची पायरी गाळली की कित्येक चौरस किलोमीटर क्षेत्राऐवजी दोन-चार चौकोनांचं पाणलोट हाती लागतं, कारण बिंदू नदीच्या चौकोनावर नसून काठावरच्या चौकोनावर पडलेला असतो. ओढा कुठे सुरू होतो हे तुम्ही दिलेल्या मर्यादेवर ठरतं: ५०० चौकोन म्हणजे ०.४५ चौरस किलोमीटर. ही मर्यादा बदलत राहा आणि हाताने गिरवलेल्या निळ्या टोकांशी जाळं जुळेल तिथे थांबा.

बिघाड ठरलेल्या जागी होतात. जलाशयावर सरळसोट समांतर ‘ओढे’ उमटतात, कारण पाण्याची पातळी सपाट असते. दाट जंगलात रडारला जमीन न दिसता झाडांचे शेंडे दिसतात. रस्त्याचा किंवा कालव्याचा भराव धरणासारखा आडवा येतो, कारण खालची मोरी वरून दिसतच नाही. तिथे उंचीची माहिती मोरीच्या जागी कापून द्यावी लागते.

जमिनीवर

तुटक रेषेने राखून ठेवलेल्या जागा, हद्द ओलांडणारे रस्ते आणि कालवे, आणि हद्दीजवळची प्रत्येक मोरी पाहणं भाग आहे. सर्वात चांगली वेळ म्हणजे पाऊस पडत असताना किंवा थांबल्यावर लगेच. पण ओढ्याच्या पात्रात उतरायचं नाही आणि वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडायचा नाही. डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याची बाजूची गटारं पाणी एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्यात सोडतात. नकाशावर ती कधीच दिसत नाहीत. कोरड्या दिवसांत मोरीच्या कोणत्या तोंडाशी गाळ आणि काडीकचरा अडकलाय ते पाहा. तो पाणी शिरतं त्या बाजूला साचतो.

चुनखडीच्या प्रदेशात जमिनीवरची हद्द बिनचूक असली तरी पाणी तिचं ऐकेलच असं नाही. जर्मनीत डॅन्यूबचं पाणी इमेंडिंगेनजवळ जमिनीत शिरतं आणि सुमारे १२ किलोमीटरवर आखच्या झऱ्यातून ऱ्हाइनच्या खोऱ्यात बाहेर पडतं. १८७७ मध्ये मीठ आणि रंग टाकून हे सिद्ध केलं गेलं. ओढा मधेच गायब होत असेल किंवा लहानशा पाणलोटातून बारमाही मोठा झरा वाहत असेल, तर भूजलाची हद्द वेगळी धरून दोन स्वतंत्र क्षेत्रफळं द्या.

शेवटी नकाशाच्या कोपऱ्यात एवढं लिहा: मुखाचे अक्षांश-रेखांश, नकाशाचा क्रमांक, प्रमाण आणि सर्वेक्षणाचं वर्ष, समोच्च रेषांमधलं अंतर, ओढे वाढवण्याचा नियम किंवा चौकोनांची मर्यादा, श्रेणीची पद्धत, आणि हद्दीचा कोणता तुकडा जमिनीवर पाहिलाय व कोणता फक्त कागदावरून काढलाय.